सात वीसला ट्रिप होणारा रिले

"रिले ट्रिप झाला की त्याच्यावर डाफरायचं नाही, अनिता. त्यानं मोटर वाचवलेली असते. आधी त्याला विचारायचं, बाबा रे, कशापासून वाचवलीस?"

यशवंतराव असं म्हणायचे. आमच्या मेंटेनन्सचे जुने सुपरवायझर. आयटीआय झाल्यावर मला कंपनीत घेतलं ते त्यांनी, आणि विजेच्या पॅनेलसमोर पहिल्यांदा उभं केलं तेही त्यांनीच. निवृत्त होऊन ते राजगुरुनगरला लेकीकडं राहायला गेले त्याला चार वर्षं झाली, पण पॅनेलचं दार उघडलं की बडीशेप चघळत बोललेला तो आवाज अजून कानाशी येतो. म्हणून दसऱ्यानंतरच्या आठवड्यात वॉशिंग लाइनचा पंप बंद पडला तेव्हा मी रिलेला दोष दिला नाही. बाकी सगळ्यांना दिला.

आमची कंपनी कुरुळीच्या फाट्यावरून आत, गिअरबॉक्सचे भाग तयार करणारी. भाग खोक्यात भरण्याआधी गरम पाण्याच्या फवाऱ्यानं धुवावे लागतात. तो फवारा मारणारा पंप पंधरा एचपीच्या मोटरवर चालतो. मोटर किती करंट ओढते हे तिच्या स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले सारखा मोजत असतो. काड्यापेटीपेक्षा जरा मोठी वस्तू. तोंडावर करंगळीच्या नखाएवढी गोल डायल, डायलच्या मधोमध स्क्रू-ड्रायव्हरसाठी खाच, वरून एक पारदर्शक झाकण. डायलवर आकडा लावून ठेवायचा. त्या आकड्याच्या वर करंट गेला आणि तसाच राहिला, की रिले पंप बंद करतो आणि मोटर जळता जळता वाचते. आमच्या मोटरला आकडा एकवीसचा.

मंगळवारी सकाळी सात वीसला पंप थांबला. रिसेटचं बटण दाबलं, चालू झाला. बुधवारी दोनदा थांबला. गुरुवारी एकदाही नाही. शुक्रवारी परत. दर वेळी सात ते साडेसातच्या दरम्यान. दिवस वर आला की कधीच नाही, दुसऱ्या शिफ्टला तर नाहीच नाही, आणि रात्री ही लाइन बंदच असते. दिवाळीच्या आधी सगळ्यांनाच माल लवकर हवा असतो, त्यात हे.

मी जनरल शिफ्टला, म्हणजे साडेआठला येते. घरून तुळशीला पाणी घालून, पोथीचा एक अध्याय वाचून निघते, त्याच्या आधी पोचणं होत नाही. मी येईपर्यंत पंप शहाण्या मुलासारखा चालू असायचा. क्लॅम्प मीटर लावून तिन्ही वायरींचा करंट बघितला. अठरा पॉइंट चार, अठरा पॉइंट सहा, अठरा पॉइंट तीन. एकवीसला किती तरी खाली. मोटर सोडवून मेगर लावला, आतलं इन्सुलेशन ठणठणीत. केबलची टोकं आवळून बघितली. स्टार्टरचा कॉन्टॅक्टर उघडला, आतले पॉइंट नव्यासारखे. शेवटी रिलेच काढून मेंटेनन्सच्या खोलीत आणला आणि टेस्ट किटवर बसवला. एकवीस अँपिअरवर अर्धा तास गप्प राहिला. दीडपट करंट दिला तेव्हा ठरल्या वेळात ट्रिप झाला. मी रिपोर्टवर 'रिले ठीक' असं लिहिलं आणि तो परत जागेवर लावला. त्या मापाचा दुसरा रिले स्टोअरमध्ये नव्हता, मागवलेला यायला पंधरा दिवस होते.

ज्योतीराम त्या लाइनचा ऑपरेटर. तोंडानं फटकळ, कामाला वाघ. तो हात पुसत म्हणाला, "ताई, मोटर पास, केबल पास, रिले पास. मग नापास कोण, मी?"

"तुला कोण म्हणतंय?"

"न म्हणता पण कळतं हो. मशीनला काय सकाळी सातची शिफ्ट कळते? माणसाला कळते. आपल्यातलाच कोणीतरी ह्याला सकाळी सकाळी गुदगुल्या करतोय." आणि त्यानं मानेनं पलीकडं दाखवलं. तिकडं आरिफ शिडीवर चढून दिव्याची पट्टी बदलत होता.

आरिफ आमच्याकडं ठेकेदारामार्फत लागलेला इलेक्ट्रिशियन. तीन वर्षं झाली. चाकणचाच. पहिल्या शिफ्टला तो एकटाच असतो. कामाला चोख, बोलायला कमी. मीही कमी बोलते, त्यामुळं आमच्या दोघांत दिवसाला चार-पाच वाक्यं झाली तर खूप. त्याच्या मेहुण्याचं, अफताबचं, चाकणला मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे. जळलेली मोटर उघडून नवी तार भरायची, हे काम.

"आता बघा," ज्योतीराम आवाज खाली आणून म्हणाला, "रोज पंप पडतोय. असेच आठ दिवस जातील, कोणाला काही सापडणार नाही. मग साहेब म्हणणार, मोटरच खराब आहे, भरायला पाठवा. जाणार कुठं?"

मी मीटरच्या वायरी गुंडाळत राहिले. चातुर्मासात मी एक नेम धरला होता, कोणाबद्दल वाईट बोलायचं नाही. कार्तिकी एकादशीपर्यंत. पण ज्योतीराम निघून गेल्यावर मी शिडीकडं बघत राहिले. आरिफनं पट्टी बसवली, खाली उतरला, आणि जाता जाता वॉशिंग लाइनच्या पॅनेलकडं एक नजर टाकून गेला.

त्या दिवसापासून मी त्याच्या हातांकडं बघू लागले.

सोमवारी उद्धवरावांनी केबिनमध्ये बोलावलं. मेंटेनन्स मॅनेजर. माणूस वाईट नाही, पण वरून फोन आला की त्याचं डोकं तापतं, आणि त्या दिवशी सकाळपासून तीन फोन आले होते.

"अनिताताई, सात ते साडेआठ त्या पॅनेलपाशी कोण असतं?"

"पहिल्या शिफ्टला आरिफ."

"पॅनेल उघडतं कोण?"

"पहिल्या शिफ्टला चावी त्याच्याकडं असते."

"अच्छा." त्यांनी कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडं वळवला. कॅमेऱ्याचं चित्र, शनिवारचं, पावणेसातचं. शिफ्ट सुरू व्हायच्या आधीचं. आरिफ पॅनेल उघडून आत वाकलेला. हातात ब्रशासारखं काहीतरी बारीक. दोन-तीन मिनिटं. मग मागं वळून बघतो आणि दार लावतो. "आणि हे आजचं. तीच वेळ, तीच जागा. परमिट घेतलं होतं?"

"नाही."

"तुम्हाला सांगितलं होतं?"

"नाही."

मी एक शब्द खोटा बोलले नाही, वाईटही बोलले नाही. केबिनच्या बाहेर आल्यावर मनाशी म्हटलं, नेम मोडला नाही. आणि त्याच पावली पॅनेलकडं निघाले, कारण आता मलाही पुरावा हवा होता.

वाटेत पाण्याच्या टाकीमागं आरिफ फोनवर बोलत होता. त्याची माझ्याकडं पाठ होती. "हां, आजपण पडला... नाही, अजून कोणाला कळलं नाही... अरे, तेच तर करतोय, पण आतपर्यंत जात नाही ना." मग थोडं ऐकून, "बघतो. तुझ्याकडचं ते घेऊन येतो उद्या. ठेवतो, अफताबभाई."

मी आवाज न करता टाकीच्या अलीकडूनच वळले. ज्योतीराम फालतू बडबडतो असं मी इतके दिवस स्वतःला सांगत होते.

संध्याकाळी निघण्याआधी मी पॅनेलचा मेन स्विच बंद केला, दार उघडलं. रिलेचं पारदर्शक झाकण, त्याच्या खाली डायल, डायलवर कुंकू, बाण बरोबर एकवीसवर. झाकणावर बारीक मार्करनं बाणाच्या टोकाशी एक रेघ मारली, म्हणजे डायल केसभर जरी फिरवली तरी कळावं. मग झाकण आणि रिले यांच्या फटीवर कागदाची बोटभर पट्टी गोंदानं चिकटवून तिच्यावर तारीख घातली. झाकण उघडलं तर पट्टी फाटणार. दार लावलं आणि इकडंतिकडं कोणी बघत नाही ना ते बघितलं. तेव्हा जाणवलं, मीही आरिफसारखीच मागं वळून बघतेय.

घरी सासूबाई, सगुणाबाई, मेथी निवडत बसल्या होत्या. माझा चेहरा बघून म्हणाल्या, "काय गं, कंपनीत कोण काय बोललं व्हय?"

मी थोडक्यात सांगितलं. नाव न घेता.

"मग तू काय म्हनलीस सायबाला?"

"काही नाही. विचारलं तेवढंच सांगितलं. कोणाबद्दल वाईट बोलायचं नाही असा नेम आहे ना माझा."

त्यांनी मेथीची काडी मोडली. "तुजा नेम लई सोपा हाय बाई. तू तशीबी बोलतीस कुटं? न बोलायचा नेम मी धरला तर खरा. तू आपली मनातल्या मनात कोनाकडं वाकडं न्हाई बगायचं, आसा धर." आणि स्वतःच हसल्या. मला काही हसू आलं नाही.

मंगळवारी साडेआठला आल्या आल्या ज्योतीरामनं वर्दी दिली. "सात पंधरा. आज तर पाच मिनिटं आधीच. प्रगती आहे."

पॅनेल उघडलं. रेघ आणि बाण जिथल्या तिथं, डायल हललेली नव्हती. कागदाची पट्टी मात्र मधोमध फाटलेली.

आरिफ स्टोअरच्या दारात होता. मी त्याच्याजवळ गेले. "तू रिलेचं झाकण उघडलंस?"

त्यानं माझ्याकडं बघितलं. "हो, ताई."

"पट्टी दिसली नाही?"

"दिसली. तारीखपण दिसली. अक्षर तुमचं आहे ते ओळखलं."

"तरी उघडलंस?"

"धूळ काढत होतो."

"कसली धूळ? बंद झाकणाच्या आत कुठून येणार धूळ?"

तो खाली बघू लागला. त्याच्या शर्टाच्या खिशातून दातांचा एक जुना ब्रश डोकावत होता. ब्रशाचे केस कापून तोकडे केलेले. "तुम्ही नका विचारू, ताई," तो म्हणाला. "पंप चालला पाहिजे एवढंच बघतोय मी."

निर्दोष माणूस असं बोलतो का? मी तडक वर गेले आणि फाटलेली पट्टी उद्धवरावांच्या टेबलावर ठेवली. फोनवरचं बोलणं सांगितलं नाही. त्याची गरजच पडली नाही. ते पट्टीकडं बघत म्हणाले, "बास. आत्तापासून तो कंप्रेसर रूमला. या बाजूला पाय ठेवायचा नाही. उद्या दुपारी एकच्या मीटिंगला सगळ्यांसमोर त्याचा गेटपास जमा करून घेतो, आणि ठेकेदाराला कारण लेखी कळवतो."

"लेखी?"

"मग? मशीनशी छेडछाड. उद्या दुसऱ्या कंपनीत जाऊन हेच करायला मोकळा का?"

चाकणच्या पट्ट्यात ठेकेदार सगळे एकमेकांना ओळखतात. एका गेटवर असं कारण लागलं की तळेगावापर्यंत कुठलं गेट उघडत नाही. हे उद्धवरावांना माहीत होतं, मलाही माहीत होतं. मी मान हलवली आणि खाली आले.

बुधवारी मी पहाटेच उठले. अध्याय वाचून झाला तरी बाहेर धुकं होतं. पावणेसातला कंपनीत पोचले. कशासाठी, तर आज आरिफ नसताना पंप कसा बिनबोभाट चालतो ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायला. एकदा बघितलं की मन शांत होईल, असं वाटत होतं.

धुण्याच्या टाकीचे हीटर नुकतेच चालू केले होते. गरम पाण्याची वाफ पत्र्यापर्यंत गेली होती आणि मागच्या शटरमधून थंड हवा येत होती. सातला ज्योतीरामनं पंप सुरू केला. मी पॅनेलशेजारी हाताची घडी घालून उभी. सात दहाला आत टक्क असा आवाज झाला आणि पंप थांबला.

आरिफ दुसऱ्या टोकाला कंप्रेसर रूममध्ये होता. दीडशे पावलांवर. मी त्याला येताना तिथं बघितलं होतं.

ज्योतीराम माझ्याकडं वळला. "च्यायला, आता कोणी केलं?"

मी मेन स्विच बंद करून दार उघडलं. दाराच्या आतल्या पत्र्याला घाम आला होता. बोट फिरवलं तर बोट ओलं. दाराच्या कडेचं रबर एका बाजूनं सुटलेलं, तिथून वाफ आत येत होती. रात्रभर थंड पडलेलं पॅनेल आणि त्यात गरम वाफ. साडेआठला मी यायचे तेव्हा पॅनेल तापून कोरडं झालेलं असायचं. आठ दिवस मी कोरड्या पॅनेलमध्ये दोष शोधत होते.

आणि रिले? तोही मी दर वेळी कोरडाच तपासला होता.

मी रिले तसाच, न पुसता सोडवला, ओंजळीत धरून जवळजवळ पळतच मेंटेनन्सच्या खोलीत नेला आणि टेस्ट किटला लावला. बारा अँपिअर. चौदा. पंधरा. पंधरावर थोडा वेळ झाला आणि टक्क. डायल एकवीस दाखवत होती आणि रिले पंधराला ट्रिप होत होता. मग अठरावर चालणारा पंप सकाळी टिकणार कसा? टेबलाचा दिवा जवळ ओढून अर्धा तास त्याला ऊब दिली आणि पुन्हा बघितलं. एकवीसवर गप्प. जसा काही तो कधी चुकलाच नव्हता.

यशवंतरावांचं वाक्य माझ्या इतकं अंगवळणी पडलं होतं की रिलेच चुकत असेल हे मला सुचलंच नाही. मोटर बरी, केबल बरी, रिले तर चुकतच नाही, म्हणजे माणूस चुकतोय. एकेक वस्तू निर्दोष ठरवत मी नेमकी माणसापर्यंत पोचले होते.

भिंग घेऊन झाकण उघडलं. डायलवर कुंकू होतं. आमच्या कंपनीत कुंकू कोणाला दिसत नाही. लेथवर आहे, क्रेनच्या हुकावर आहे, कॅन्टीनच्या गॅसवर आहे, खंडेनवमीला लावतो ते वर्षभर राहतं. मलाही परवा दिसलं होतं, आणि दिसलं नव्हतं. आता भिंगाखाली बघितलं तर वरचं कुंकू कोणीतरी जवळजवळ सगळं खरवडलेलं होतं. ब्रशाच्या बारीक रेघा दिसत होत्या. पण खाचेत अजून लाल. लहान स्क्रू-ड्रायव्हरनं डायल उचकटून काढली. खाली, जिथं डायलचा आकडा आतल्या सर्किटला कळतो त्या गोल पट्टीवर, तांबूस काळा चिखल बसला होता. कोरडा असेल तर निव्वळ पापुद्रा. वाफेनं ओला झाला की वीज त्याच्यातून वाट काढते आणि एकवीसचे पंधरा होतात.

मी खुर्चीवर टेकले.

खंडेनवमीला कंपनी बंद होती. आदल्याच दिवशी जुना रिले जळाला होता आणि स्टोअरमधला शेवटचा नवा मी त्या दिवशी निवांत बसवला होता. पूजेचं ताट माझ्याकडंच असतं, सात वर्षं. बाकी पॅनेलना दारावर बाहेरून कुंकू लावलं. पण नवी आणलेली वस्तू कुंकू लावल्याशिवाय वापरायची नाही, हे आईच्या घरापासूनचं. नवी शिलाई मशीन असो, सायकल असो, नवा माठ असो. प्लॅस्टिकवर कोरडं कुंकू टिकत नाही म्हणून वाटीत पाणी घालून चांगलं पातळ कालवलं. डायल गोल, मधोमध खाच. कपाळ असल्यासारखी. अनामिकेनं तिथंच लावलं, नमस्कार केला आणि वरून झाकण बंद केलं.

आरिफ शनिवारी पहिल्यांदा कॅमेऱ्यात दिसला होता. पंप त्याआधीच्या मंगळवारपासून पडत होता. आधी पंप पडला, मग आरिफ पॅनेलपाशी गेला. तारखा आमच्यासमोर होत्या. मी नाही, उद्धवराव नाही, कोणीच त्या एकापुढं एक मांडून बघितल्या नाहीत. आम्हाला माणूस आधीच सापडला होता.

कंप्रेसर रूममध्ये इतका आवाज की माझं बोलणं मलाच ऐकू येईना. आरिफला हातानं खूण करून बाहेर बोलावलं. बाहेर कूलिंग टॉवरच्या कठड्यापाशी तो येऊन उभा राहिला. मी मूठ उघडून डायल दाखवली.

त्यानं ती बघितली आणि श्वास सोडला. "निघाली होय शेवटी."

"तुला माहीत होतं?"

"नक्की नव्हतं माहीत. अफताबभाईकडं एका पिठाच्या गिरणीचा स्टार्टर आला होता, त्याच्यात असंच होतं. शुक्रवारी मी पॅनेल उघडलं तर आत ओल आणि कुंकू पाघळलेलं. म्हटलं, तेच असणार. मग रोज पंप चालू व्हायच्या आधी कोरडं करत होतो. ब्रशनं वरचं निघालं. आतलं निघेना. मंगळवारी त्याच्याकडून स्प्रे आणला होता, त्यानं पण नाही निघालं. डायल काढायला पाहिजे होती, पण ती मोडली असती तर दुसरा रिले नाही. मग तर विचारूच नका."

"मग मला का नाही सांगितलंस? माझ्याच हातचं होतं ते."

"काय सांगू, ताई? तुमच्या कुंकवानं मशीन बंद पडतंय? तुम्ही म्हणालात तर तो फॉल्ट होतो. मी म्हणालो तर ती बातमी होते. दुपारच्या चहापर्यंत कुरुळीत, रात्रीपर्यंत चाकणला. आमच्या दुकानापर्यंत. त्यापेक्षा गुपचूप पुसलेलं काय वाईट?"

"निदान माझ्याजवळ तरी."

"दोनदा तोंडापर्यंत आलं होतं. तुम्ही दर वेळी माझ्या हाताकडं बघत होता." तो हसला, पण ते हसणं नव्हतं. "आणि मग ती पट्टी बघितली. म्हटलं, चला, ताईपण."

मला वाटलं होतं तो चिडेल. चिडला असता तर सोपं गेलं असतं.

"आज एकला तुझा पास जमा करणार आहेत," मी म्हणाले. "ठेकेदाराला लेखी कळवणार."

"माहीत आहे. ज्योतीराम सकाळी येऊन सांगून गेला. वर म्हणाला, भावा, मनावर घेऊ नको."

"मी सांगेन त्यांना."

"केबिनमध्ये सांगा. तेवढं बास. पास राहिला तर राहिला."

"केबिनमध्ये नाही. पट्टी मी केबिनमध्ये दिली, तिची बातमी झाली ना सगळीकडं? हेही सगळ्यांसमोर होईल. एकच्या मीटिंगला. कुंकू मी लावलं, माझ्यामुळं झालं, हे मी बोलेन."

तो घाईनं म्हणाला, "ताई, पुढच्या खंडेनवमीला पॅनेलला हात लावू देणार नाहीत. लाइनवरच्या बायका तुम्हालाच बोलतील. पूजा तुमच्यामुळं बंद झाली म्हणतील."

"म्हणू देत."

"आणि मला माहीत होतं, मी लपवलं..."

"तू काय केलंस? पॅनेल कोरडं करत होतास. ते खरंच आहे. तेवढंच सांगेन. कशामुळं ओलं होतं ते माझं आहे, ते मी माझ्या नावावर सांगेन. वचन देते."

आरिफनं मान हलवली. विश्वास बसला असं त्या मानेवरून वाटलं नाही, आणि तसं वाटावं असं मी आठ दिवसांत काही केलंही नव्हतं. आत कंप्रेसरचा सूर बदलला तसा तो वळून आत गेला.

आतला तो चिखल मी खरवडून कागदावर काढून ठेवला, रिले स्पिरिटनं आतून बाहेरून धुतला, वाळवला, डायल बसवली, ओल लागावी म्हणून ओल्या फडक्याजवळ ठेवून पुन्हा किटवर चढवला. एकवीस. दोनदा, तीनदा बघितलं. एकवीस. पॅनेलच्या दाराचं सुटलेलं रबर बदललं. पण तो रिले लगेच जागेवर लावला नाही. ज्योतीरामला सांगितलं, आज दुपारपर्यंत धुणं दुसऱ्या टाकीवर घे. तो कुरकुरला आणि घेतलं.

साडेबाराला कॅन्टीनमध्ये सगळे बोलत होते आणि मी आले की बोलणं हळू होत होतं. माझ्याबद्दल नव्हतं ते, आरिफबद्दल होतं, आणि त्यांच्या लेखी मी त्याला पकडून दिलेली बाई होते. लाइनवरच्या सुमनताईंनी शेजारी जागा करून दिली. "बरं केलंस हो, अनिता. तू गरीब, पण वेळेला उपयोगी पडलीस."

"एकच्या मीटिंगला पुढं उभ्या राहा, सुमनताई," मी म्हणाले.

"का गं?"

"माझा आवाज मागं पोचत नाही. आज तुम्हाला ऐकू यायला हवं."

त्यांना काही कळलं नाही. मी डबा न उघडता पिशवीत परत ठेवला. एक पांढरं फडकं घेतलं. त्यावर रिले ठेवला, शेजारी पुन्हा काढलेली डायल, आणि आतून खरवडून कागदावर काढलेला तो लाल चिमूटभर चुरा, जसाच्या तसा. मीटिंग वॉशिंग लाइनजवळच्या बोर्डापाशी होते. शॉपच्या त्या टोकाला उद्धवराव आधीच उभे होते, हातात कागद घेऊन, आणि जरा अंतरावर एकटा आरिफ, छातीवरचा पास काढून हातात धरलेला.

मी फडक्याची चार टोकं हातात धरली आणि पिवळ्या पट्ट्यांच्या मधल्या वाटेनं तिकडं चालू लागले.